धरणं आणि सिट-इन: सईच्या प्रश्नाला उत्तर

प्रिय सई,

आजी फोनवर म्हणाली, "काय गं, धरणं धरून बसलीयेस आईपुढे!" आणि तू मला विचारलंस, धरणं म्हणजे शाळेत शिकवलेलं नॅशव्हिलचं सिट-इनच ना, १९६० मध्ये अमेरिकेतल्या त्या शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी दुकानांत बसून केलेलं आंदोलन? थोडंसं तेच, पण मुळात वेगळं.

जुन्या काळी पैसे बुडवणाऱ्याच्या दारात सावकार जाऊन बसायचा. पगार थकला की शिपाईसुद्धा सरदाराच्या दारात बसायचे. बसणारा अन्नपाणी सोडायचा आणि घरच्यांनाही जेवायची चोरी व्हायची, कारण तो दारात मेला तर पाप घरधन्याच्या माथी. म्हणजे धरण्याचा जोर भुकेत आणि पापाच्या भीतीत होता. इंग्रजांना त्याचा इतका धसका होता, की १८६० च्या दंड संहितेत कलम ५०८ खाली उदाहरण म्हणून चक्क धरणंच दिलं होतं.

नॅशव्हिलची मुलं मात्र उपाशी बसायला गेली नव्हती. खिशात पैसे घेऊन जेवायला गेली होती! दुकान त्यांना टूथपेस्ट विकायचं, वह्या विकायचं, पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर, म्हणजे स्टुलांवर बसून खायच्या जागी, फक्त गोऱ्यांना बसू द्यायचं. म्हणून आधी काहीतरी किरकोळ विकत घ्यायचं आणि मग स्टुलावर बसायचं. एका गल्ल्यावर आमचा डॉलर चालतो, मग दुसऱ्यावर का नाही, हा सवाल न बोलता विचारला जायचा.

हे बसणं ज्यांनी शिकवलं ते जेम्स लॉसन, एक कृष्णवर्णीय अमेरिकन. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीची लष्करभरती नाकारली म्हणून ते तुरुंगात गेले होते. १९५३ मध्ये ते मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी म्हणून थेट आपल्या नागपुरात आले, हिस्लॉप कॉलेजात. (नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं.) मुलांना खेळाचं प्रशिक्षण द्यायचं आणि गांधींचा सत्याग्रह समजून घ्यायचा, असं दोन्ही चालू होतं. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधल्या भेदभावाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये ते अमेरिकेत परतले. पुढच्या वर्षी त्या बहिष्काराचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची भेट झाली. थांबू नका, दक्षिणेत या, असं किंग म्हणाले आणि १९५८ मध्ये लॉसन नॅशव्हिलला आले.

क्लार्क मेमोरियल चर्चच्या तळघरात त्यांचे वर्ग भरायचे. खुर्च्या ओळीनं मांडून काउंटर करायचा. काहींनी गोरे गुंड व्हायचं: शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, केस ओढायचे, खुर्चीवरून ढकलायचं. बाकीच्यांनी बसून राहायचं. खाली पडलात तर पाय पोटाशी घ्या, हातांनी डोकं झाका. मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघत राहा, कारण समोरचा माणूस आपल्याकडे बघतोय म्हटल्यावर हात उचलणं जड जातं. एकावरच मार पडत असेल, तर दुसऱ्यानं मध्ये अंग घालायचं, म्हणजे मार वाटला जातो. प्रत्येक फेरीनंतर चर्चा: राग कुठे आला, का आला?

खरी गोची व्हायची ती आपोआप उठणाऱ्या हाताची. चापट बसली की विचार करायच्या आत हात वर जातो. आणि एकानं जरी उलटा हात टाकला, तरी दुसऱ्या दिवशीची बातमी 'मारामारी' अशीच होणार. म्हणून तर एवढी तालीम.

१९५९ च्या शेवटी दोन दुकानांत नुसती चाचपणी झाली: बसले, नकार ऐकला, कारण विचारलं, उठून आले. १३ फेब्रुवारी १९६० ला शंभरावर विद्यार्थी एकदम गेले. मुलं कोट-टायमध्ये, मुली ठेवणीतल्या कपड्यांत, अभ्यासाची पुस्तकं सोबत. २७ तारखेला मार पडला, अटक मात्र मारणाऱ्यांना नाही, बसणाऱ्यांना झाली. एक तुकडी पोलीस घेऊन गेले की दुसरी त्याच स्टुलांवर! त्या दिवशी ८१ जण पकडले गेले. पन्नास डॉलर दंड भरण्याऐवजी त्यांनी कैद पत्करली. लॉसनना तर ते शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं काढूनच टाकलं.

जोडीला कृष्णवर्णीय कुटुंबांनी ईस्टरची खरेदी बंद ठेवली. माझ्या मते दुकानदार नमले ते यानंच जास्त. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला, हजारोंचा मूक मोर्चा निघाला आणि विद्यार्थ्यांची पुढारी डायन नॅश हिनं सिटी हॉलच्या पायऱ्यांवर विचारल्यावर महापौर बेन वेस्ट यांना हा भेदभाव चूक असल्याचं कबूल करावं लागलं. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर कृष्णवर्णीयांना उघडले. तेही गाजावाजा न करता, ठरवून थोडे थोडे लोक पाठवून.

तेव्हा जवळचं नातं शोधायचंच, तर ते सावकाराच्या धरण्याशी नको, नाशिकच्या काळाराम मंदिराशी शोध. २ मार्च १९३० पासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसं मंदिराच्या दारांशी आत जायचा हक्क मागत बसली. बायकाही होत्या. ते दार मात्र पाच वर्षांतही उघडलं नाही.

शनिवारी चर्च स्ट्रीटवरच्या लायब्ररीत जाऊ. तिथल्या नागरी हक्क दालनात काउंटरसारखंच टेबल आहे आणि त्यावर त्या मुलांचे दहा नियम कोरलेत: उलट मारू नका, शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. आणि आजीला सांग, "आईपुढे बसायचं असेल तर जेवून बसेन."

तुझी,
आई