अंश तोच, किलोमीटर वेगळे कसे?

प्रश्न : मोबाईलवर कोल्हापूरची जागा 16.70 उत्तर, 74.24 पूर्व अशी दिसते. यावरून रत्नागिरीचं अंतर काढता येईल का? एक अंश म्हणजे किती किलोमीटर?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : येईल की! नोकरीत सर्व्हेची साखळी ओढली मी, त्यामुळे असल्या प्रश्नाला हात शिवशिवतात.

उत्तर-दक्षिण सरकलात तर एक अंश सुमारे 111 किलोमीटर, कुठंही. हा आकडा सरळ येतो, कारण मीटर ठरवतानाच फ्रेंचांनी विषुववृत्त ते ध्रुव हे अंतर एक कोटी मीटर धरलं होतं. त्याला 90 नं भागून बघा.

पूर्व-पश्चिमेला मात्र भानगड आहे. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडं जवळ येत जातात. विषुववृत्तावर अंशाला 111 किलोमीटर, 60 अक्षांशावर निम्मे, ध्रुवावर शून्य. 111 ला अक्षांशाच्या कोसाइननं (कॅल्क्युलेटरवरचं cos बटण) गुणायचं, झालं. आपल्याकडं 106 ते 107 येतात.

रत्नागिरी 17.0 उत्तर, 73.31 पूर्व. म्हणजे उत्तरेला 0.3 अंश, 33 किलोमीटर, पश्चिमेला 0.93 अंश, 99 किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस काढा : साधारण 104. हे कावळ्याचं, म्हणजे सरळ रेषेतलं अंतर बरं का. एसटीला आंबा घाट उतरावा लागतो, तिचं तिकीट यावर मागू नका.

शेतातल्या विहिरीची जागा टिपायची असेल तर दशांशानंतर पाच आकडे घ्या. पाचवा आकडा एकानं बदलला की जागा जेमतेम मीटरभर हलते.