घर बदलताना सिरक्याचे काय करावे?

प्रश्न : मोर्शी तालुक्यातील आमचे राहते घर आम्ही विकत आहोत. इसार झाला असून खरेदीखतानंतर मेअखेर ताबा द्यायचा आहे व आम्ही आर्वीला मुलाकडे राहायला जाणार आहोत. गेली 5 वर्षे मी संत्र्याचा आणि जांभळाचा सिरका (व्हिनेगर) घरी करतो. सध्या 10 लिटरच्या दोन बरण्या लागलेल्या आहेत. पहिलीतील फेस केव्हाच थांबला असून वर साय धरली आहे. दुसरीतील रस मार्चच्या पहिल्या आठवड्यात लावला, तो अजून फसफसतो आहे. आर्वीच्या घरात जागा लावून व्हायला पाच-सहा महिने जातील. तोवर हा छंद थांबवायचा तर 5 वर्षे जपलेले विरजण मरेल का? चालू बरण्या तशाच नेता येतील का? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : विरजण मरणार नाही. सिरक्याचे विरजण दह्याच्या विरजणासारखे नाजूक नसते, आणि नीट बंद करून ठेवले तर पाच-सहा महिन्यांची विश्रांती ते सहज सोसते. बरण्यांचे उत्तर मात्र वेगळे आहे. त्या तशाच नेऊ नयेत, आणि दोन्ही बरण्यांना एकच न्याय लावू नये.

पहिल्या बरणीत यीस्टचे काम संपले आहे, म्हणजे रसातील साखरेचा मद्यार्क झाला आहे. आता सायीतील जीवाणू हवेतील प्राणवायू घेऊन त्या मद्यार्काचे ॲसिटिक आम्ल करीत आहेत. हे काम 25 ते 30 अंश तापमानात उत्तम चालते आणि पारा 40 च्या पुढे गेला की मंदावते, म्हणून ही बरणी सपरीतून उचलून घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवावी. आपल्या हाती एप्रिल आणि मे असे दोन महिने आहेत व ते बहुधा पुरतील. चव स्वच्छ आंबट लागली आणि मद्याचा वास उरला नाही की सिरका झाला असे समजावे. झाल्यावर तो फडक्याखाली उघडा ठेवण्याची चूक पुष्कळ जण करतात. मद्यार्क संपल्यावरही हवा मिळत राहिली, तर तेच जीवाणू तयार झालेले आम्ल खाऊ लागतात, सिरका दिवसेंदिवस फिका पडतो आणि शेवटी त्यावर बुरशी धरते. म्हणून तो गाळून काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावा आणि घट्ट बूच लावावे.

विरजण राखण्याची रीतही हीच आहे. सायीचा तळहाताएवढा, स्वच्छ, फिकट रंगाचा तुकडा काचेच्या लहान बरणीत ठेवून तो पूर्ण बुडेल इतका तयार सिरका वर ओतावा आणि बरणी काठोकाठ भरून प्लॅस्टिकच्या झाकणाने बंद करावी. लोखंडी झाकण आम्लाने गंजते. पितळ, तांबे आणि ॲल्युमिनियम तर सिरक्याच्या जवळही आणू नये, कारण ताक जसे पितळेत कळकते तसाच सिरकाही कळकतो. अशा दोन बरण्या कराव्यात, एक स्वतःजवळ ठेवावी आणि दुसरी मोर्शीतच एखाद्या विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. 5 वर्षांची जोपासना एका बरणीच्या भरवशावर प्रवासाला काढू नये.

दुसऱ्या बरणीचा मोह आपण सोडावा, असे मला मनापासून वाटते. तिची फसफस थांबून पुढे आम्ल पुरे व्हायला जून उलटेल. झाकण घट्ट लावून ती टेम्पोत चढवली, तर आत साचणाऱ्या वायूने काच फुटू शकते. मेमधल्या बंद टेम्पोची उष्णता तर त्यात भरच घालील. झाकण सैल ठेवले तर रस हिंदकळून सांडेल. याहून गंभीर बाब अशी की या टप्प्यावर बरणीतला पदार्थ म्हणजे फळांचे मद्यच आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि आपण ज्या वर्धा जिल्ह्यात जात आहात तेथे दारूबंदी आहे. याचा पुढे सिरका होणार आहे, हे रस्त्यात अडवणाऱ्या पोलिसाला पटवून देण्याची वेळ आपल्यासारख्या माणसावर येऊ नये. तो रस भरपूर पाणी घालून शेणखताच्या खड्ड्यात ओतावा. तळाचा चोथा जनावरांपुढे मात्र मुळीच टाकू नये. आंबलेल्या फळांनी गुरांना नशा चढते आणि पोटात आम्ल वाढून ती आजारी पडतात.

इसार झाला असला तरी खरेदीदार आणि त्यांचे नातेवाईक ताबा घेईपर्यंत घरी येत राहतील. आंबलेल्या रसाचा वास दारात आला की गावात हातभट्टीची कुजबुज सुरू व्हायला वेळ लागत नाही, आणि एकदा उठलेली अशी गोष्ट निस्तरणे फार कठीण असते. दुसरी बरणी लवकर रिकामी करण्याचे हेही एक कारण आहे. बरण्यांखाली शहाबादी फरशी असेल तर आजच त्यांच्याखाली प्लॅस्टिकचा ट्रे ठेवावा. ती फरशी चुनखडीच्या दगडाची असते, त्यामुळे सिरक्याचा थेंब पडला की तेथील चकाकी जाऊन पांढुरका डाग उमटतो. तो पुसून निघत नाही, पुन्हा पॉलिश करावी लागते.

बरण्या गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने धुऊन, खळखळून, कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि झाकणे वेगळी बांधावीत, कारण ओलसर बरणी बंद केली की तिला कुबट वास धरतो. रबरी नळी नेऊ नये, नवी घ्यावी. कोणता रस केव्हा लावला, याची आपली वही मात्र कपड्यांच्या पेटीत जपून न्यावी. सामान नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत हलवावे लागले, तर विरजणाची बरणी टेम्पोत न ठेवता ओल्या फडक्यात गुंडाळून, पहाटेच्या प्रवासात स्वतःजवळ ठेवावी.

आर्वीला स्थिरस्थावर झाल्यावर नवा रस लावण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या तेथील कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे. मधल्या टप्प्यातील मद्यार्काचा मुद्दा तेथे लागू होणार, हे गृहीत धरून चालावे. अनुमती मिळाली, तर एकदम 10 लिटरची बरणी न भरता आधी एक लिटरवर विरजण अजमावून पाहावे. मद्यार्क तयार झालेल्या रसात चौथा हिस्सा विरजणाचा सिरका मिसळावा; दोन ते चार आठवड्यांत वर नवी पातळ साय दिसली की विरजण जिवंत आहे. हिरवी, काळी किंवा लोकरीसारखी बुरशी दिसली, तर तो सगळा भाग टाकून शेजाऱ्याकडची बरणी मागवावी.

ते उत्तर येईपर्यंत जूनमधली जांभळे वाया जाऊ देण्याचे कारण नाही. सोबत नेलेल्या तयार सिरक्यातच, पाणी न घालता, जांभळाचा गर दोन आठवडे मुरवून गाळून घ्यावा. तीव्र आम्लात तो गर आंबत नाही, नवे मद्य तयार होत नाही, आणि जांभळा रंग व तुरट स्वाद मात्र पुरेपूर उतरतो. त्यासाठी मोर्शी सोडताना दोन बाटल्या सिरका न वापरता वेगळा काढून ठेवावा.