पहिलं पिस्तूल दुकानात नव्हे, रेंजवर ठरवा

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनी या पट्ट्यात मराठी घरं वाढली, तशी माझ्या शनिवारच्या पिस्तूल परवाना-वर्गातही दोन-तीन मराठी चेहरे हमखास दिसू लागले. वर्गात मात्र ही मंडळी गप्प असतात. वर्ग सुटला की पार्किंगमध्ये गाडीला टेकून, आवाज खाली आणून प्रश्न सुरू होतात. त्यातले आणि गेल्या दोन महिन्यांत लेखी आलेले काही प्रश्न इथे घेतो.

प्रश्न : काका, पंधरा दिवस व्हिडिओ बघतोय. ग्लॉक १९, सिग पी३६५ आणि स्मिथ अँड वेसनचं शील्ड, या तिघांत अडकलोय. ६०० डॉलर बाजूला काढलेत. अंगावर बाळगायला पहिलं पिस्तूल कोणतं घेऊ? (मॅकिनी)

तिन्ही चांगली आहेत, त्यामुळे व्हिडिओ बघून तुमचा निर्णय होणार नाही. दुकानात पिस्तूल हातात घेतल्यावर फक्त मूठ कशी बसते ते कळतं. पन्नास गोळ्या झाडल्यावर मनगट काय म्हणतं, हे काउंटरवर समजत नाही. आपल्याकडच्या बहुतेक रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, पिस्तुलं भाड्याने मिळतात. एका सकाळी तिन्ही घ्या, प्रत्येकी पन्नास गोळ्या झाडा आणि निशाण्याचे तिन्ही कागद घरी आणून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. सात यार्डांवरून ज्या कागदावरची भोकं सगळ्यात जवळ पडली, ते तुमचं पिस्तूल. ब्रँडचा अभिमान तिथे गळून पडतो.

आता थोडं तपशिलात. ग्लॉक १९ हे १९८८ पासूनचं मधल्या मापाचं पिस्तूल. मॅगझिनमध्ये (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) १५ गोळ्या, रिकामं वजन साधारण ६०० ग्रॅम. पी३६५ आलं २०१८ मध्ये. १० गोळ्यांचं मॅगझिन आणि वजन सुमारे ५०० ग्रॅम, त्यामुळे शर्टाखाली लपतं छान. शील्ड २०१२ चं, पातळ, कमी गोळ्यांचं. वरवर पाहता लहान पिस्तूल घ्यावं असं वाटतं, कारण लपवायचंच आहे ना? पण गोळी तीच, ९ एमएम (९ मिलिमीटर जाडीची). पिस्तूल हलकं झालं की तोच धक्का कमी वजनावर येतो आणि सगळा हातात उतरतो. शिवाय मूठ आखूड असली की करंगळी हवेत राहते. नवशिक्याला याचा त्रास होतो. तो चाप ओढण्याआधीच दचकायला लागतो आणि नेम खाली जातो. एकदा का दचकण्याची सवय लागली, की ती मोडायला हजार गोळ्या लागतात.

म्हणून माझा कल सांगतो, पटलं तर घ्या. पहिलं पिस्तूल मधल्या मापाचं असावं, चुका पोटात घालणारं. लहान पिस्तूल दुसऱ्या वर्षी घ्या. उंची पाच-तीन असेल, अंगकाठी बारीक असेल आणि ग्लॉक १९ खरंच शर्टातून दिसत असेल, तर पी३६५ घ्या, पण मग सरावाचा खर्च जास्त धरा.

आणि ते ६०० डॉलर सगळे पिस्तुलावर घालवू नका. चांगलं होल्स्टर (पिस्तूल कमरेला अडकवायचं म्यान), जाड पट्टा, कुलपाची पेटी, कानाचं संरक्षण आणि किमान ५०० गोळ्या, हे सगळं धरलं की पिस्तुलाइतकाच खर्च पुन्हा होतो. हौसेने ९०० डॉलरचं पिस्तूल घेऊन २० डॉलरच्या कापडी होल्स्टरमध्ये ठेवणारे मी दर महिन्याला बघतो.

प्रश्न : मी एच-१बीवर आहे, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालंय. टेक्सासमध्ये आता परवाना लागत नाही म्हणतात, मग दुकानात जाऊन घेऊ शकतो ना? (अर्व्हिंग)

नाही. हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचं कौतुक, कारण न विचारता पुढे जाणारे असतात.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, हे खरं. पण ‘पात्र’ या शब्दातच सगळं आलं. पात्रतेचा पाया संघराज्याच्या कायद्यात आहे, आणि तो कायदा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूकच काय, काडतूसही बाळगू देत नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, आई-बाबा येतात तो बी-२, सगळे यात आले. आय-१४० मंजूर होणं म्हणजे ग्रीन कार्ड हातात पडणं नव्हे. ग्रीन कार्ड आल्यावर घेता येतं.

कायद्यात काही अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार परवाना. कुणीतरी मित्र सांगतो, ‘अरे ऑनलाइन काढ, मग चालतं.’ इथे मी मित्राचं ऐकणार नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला फी देऊन विचारेन. खरेदीच्या वेळी ४४७३ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात खोटं लिहिणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेरही काढतात. पंधरा वर्षांची ग्रीन कार्डची रांग एका शनिवारसाठी पणाला लावू नका.

हेच रेंजवर भाड्याने घेतलेल्या पिस्तुलालाही लागू. साताऱ्याहून आलेले बाबा ‘एकदा उडवून बघू दे रे’ म्हणतात, मुलगा हौसेने त्यांना रेंजवर आणतो. मी कागद बघतो आणि नाही म्हणतो. दोन वेळा लोकांनी माझ्याशी अबोला धरला आहे. चालेल.

प्रश्न : दुकानदाराने मला ‘लेडीजसाठी बेस्ट’ म्हणून छोटं रिव्हॉल्व्हर दिलं. दहा गोळ्या झाडल्या आणि तळहात सुजला. माझं काही चुकतंय का? (प्लेनो)

ताई, तुमचं नाही, दुकानदाराचं चुकलंय. हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता राग येण्याऐवजी हसू येतं.

ते पाच गोळ्यांचं .३८ स्पेशल (हे गोळीचं माप) असणार, स्मिथ अँड वेसनच्या ६४२ सारखं. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. पर्समध्ये टाकायला हलकं, झाडायला जहाल. त्याचा चाप ओढायला नेहमीच्या पिस्तुलाच्या जवळपास दुप्पट जोर लागतो, नळी आखूड, नेम धरायच्या खुणा नावापुरत्या. हे मुरलेल्या हाताचं शस्त्र आहे. ‘लहान बाई, लहान बंदूक’ हा हिशेब पूर्ण उलटा आहे.

तुम्ही पुढे लिहिलंय की पिस्तुलाची स्लाइड (वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मागे ओढता येत नाही म्हणून रिव्हॉल्व्हर सुचवलं. बहुतेक वेळा ताकद कमी नसते, पद्धत चुकीची असते. डाव्या हाताच्या बोटांनी स्लाइड चिमटीत धरून ओढू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोर निशाण्याकडेच, बोट चापापासून लांब. डाव्या हाताची पूर्ण मूठ स्लाइडवर मागच्या बाजूने आवळा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. जात्याचा खुंटा नुसत्या मनगटाने फिरत नाही, खांद्याचा जोर लागतो, तसंच हे. तरीही जमलं नाही, बोटांत संधिवात असला, तर शील्ड ईझेड नावाचा प्रकार आहे. त्याची स्लाइड मुद्दाम सैल केलेली आहे. .३८० या गोळीच्या मापात ते २०१८ साली आलं आणि ९ एमएममध्ये २०२० साली. ते एकदा भाड्याने घेऊन बघा.

रिव्हॉल्व्हर विकून टाका. तोटा होईल, होऊ द्या.

प्रश्न : ९ एमएम पुरतं का? ऑफिसातले अमेरिकन सहकारी .४५ च्या मोठ्या गोळीशिवाय बोलत नाहीत. (फ्रिस्को)

पुरतं. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट मारले गेले. त्यानंतर ९ एमएम कमी पडतं म्हणून एफबीआय मोठ्या गोळीकडे वळली आणि त्यातूनच १९९० मध्ये .४० कॅलिबर आलं. पुढे गोळ्यांची बनावट सुधारली, आणि २०१४-१५ च्या सुमारास हीच एफबीआय ९ एमएमकडे परत आली. कारण साधं होतं : धक्का कमी, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त, एजंटांचा नेम चांगला. सरावाला ९ एमएम स्वस्तही पडतं. .४५ वाल्यांशी वाद घालू नका, त्यांना आनंदात राहू द्या.

प्रश्न : सर, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची, गोळी झाडायला तयार बसते ती जागा) गोळी ठेवून पिस्तूल कमरेला लावायची भीती वाटते. ग्लॉकला तर बाहेरून सेफ्टीचं बटणही नाही. (अ‍ॅलन)

भीती वाटते ते बरंच आहे. ज्याला अजिबात वाटत नाही, त्याच्या शेजारच्या लेनमध्ये मी उभा राहत नाही.

ग्लॉकच्या आत तीन सेफ्टी आहेत, पण त्यांचा अर्थ एवढाच की चाप ओढल्याशिवाय गोळी सुटत नाही. चाप ओढला तर सुटते, मग तो बोटाने ओढला असो की शर्टाच्या टोकाने. म्हणून खरी सेफ्टी म्हणजे होल्स्टर. कायडेक्स या कडक प्लास्टिकचं, त्याच पिस्तुलाच्या मापाचं, चाप पूर्ण झाकणारं. मऊ कापडी किंवा ‘सगळ्या पिस्तुलांना बसतं’ असं होल्स्टर घेऊ नका. अपघात बहुतेकदा पिस्तूल परत आत ठेवताना होतात, कारण माणूस तेव्हा घाईत असतो. काढताना वेग ठीक, ठेवताना मात्र शर्ट बाजूला करा, डोळ्यांनी बघा आणि सावकाश ठेवा. तिथे कुणी बक्षीस देत नाही.

पहिले दोन आठवडे रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये लावून घरात वावरा. भांडी घासा, खाली वाका, मुलीला उचलून घ्या. संध्याकाळी बघा, चाप आपोआप ओढला गेलाय का. जात नाही, हे स्वतः पाहिलं की मगच मन मानतं. बायकांसाठी एक जादा सूचना : सलवारीच्या नाडीवर अर्ध्या किलोचं लोखंड टिकत नाही. एकतर पट्टा घालता येईल असे कपडे, नाहीतर पोटाला आवळून बसणारा रुंद पट्टा आणि त्यात कडक होल्स्टर. पर्समध्ये नको. मंडळाच्या हळदीकुंकवात पर्स खुर्चीवर ठेवून आपण वाण घ्यायला उठतो, हे विसरू नका.

प्रश्न : परवाना लागत नाही, तर मग काढायचा कशाला? आणि नेऊ नये अशा जागा कोणत्या? (प्रॉस्पर)

मुलं शाळेत आहेत ना? संघराज्याच्या कायद्याने शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक बाळगता येत नाही, पण त्या राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे. मुलांना सोडायला गाडीने जाणाऱ्या आईबापांना हे एकच कारण पुरे. शिवाय बऱ्याच राज्यांत टेक्सासचा परवाना चालतो. परीक्षा काही अवघड नाही : ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण.

शाळेची इमारत मात्र परवाना असूनही बंद. आपले गणेशोत्सव आणि नाटकं भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतात, रविवार असला तरी ती शाळाच असते. देवळाचा दरवाजा नीट वाचा : टेक्सासच्या कायद्यातल्या ३०.०६ कलमाची इंग्रजी-स्पॅनिश पाटी असेल तर परवानाधारकाने लपवलेलं पिस्तूल आत न्यायचं नाही. पाटी नसली तरी, आरतीच्या गर्दीत धक्के खात उभं राहायचं असेल, तर मी स्वतः गाडीत कुलपात ठेवतो.

न्यू जर्सीला एडिसनमधल्या भावाकडे निघाला असाल तर टेक्सासचा परवाना तिथे कागदाचा कपटा आहे. तिथे परवान्याविना हँडगन बाळगण्याला ५ ते १० वर्षांची शिक्षा आहे. घरीच ठेवून जा.

आणि भारतात जाताना एक जपा. रेंजवर वापरलेली बॅग प्रवासाला कधीही घेऊ नका. तळाच्या खिशात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसतं आणि थेट १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली प्रकरण उभं राहतं. ‘विसरलो’ हे तिथे कोर्टात सांगावं लागतं, आणि तोवर लग्न लागून गेलेलं असतं. माझी रेंजची बॅग भडक नारिंगी आहे, ती गॅरेजबाहेर फक्त रेंजवर जाते.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, फार चौकस. आम्ही कपाटात सगळ्यात वर, साड्यांच्या मागे ठेवायचं ठरवलंय. (मर्फी)

बेसनाचे लाडू तुम्ही कुठे लपवता, हे त्याला माहीत आहे की नाही? मग हेही कळेल.

टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर ती तशी ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवा. पिस्तूल एकतर तुमच्या अंगावर, नाहीतर कुलपात. मधली जागा नाही. पलंगाजवळ भिंतीला किंवा फर्निचरला बोल्टने घट्ट बसवलेली, आकडे दाबून उघडणारी पेटी घ्या, आणि आकडे मुलाची जन्मतारीख ठेवू नका. पिस्तूल घेण्याआधी ही पेटी घरात बसलेली असू दे. ती घेण्याला तुमच्या मनात अजून चालढकल असेल, तर पिस्तुलाची खरेदीही तेवढे दिवस थांबवा.

मुलाला मात्र सांगा की घरात बंदूक आहे. माझ्या मुलांना मी एवढंच शिकवलं होतं : दिसली तर हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर पडायचं आणि मोठ्यांना सांगायचं. मित्राच्या घरी दिसली तरी हेच. आणि रेंजवरून आलात की आधी कपडे बदला, हात साबणाने धुवा, मग त्याला जवळ घ्या. बारुदाच्या धुरात शिसं असतं. याच कारणाने रेंजवर डबा उघडून चिवडा खाणाऱ्यांना मी ओरडतो.