'कॅन' की 'कॅन्ट'? माझा अनुभव

"बातम्यांचं इंग्रजी कळतं, पण क्लायंट बोलायला लागला की सगळ्या शब्दांचा काला होतो" हे तुमच्या पोस्टमधलं वाक्य वाचलं आणि दहा वर्षांपूर्वीची मीच आठवले. 'कान तपासून घ्या' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. मी तपासले होते, ठणठणीत निघाले.

शब्द जोडून बोलताना आवाज बदलतात हे तुम्हाला माहीत असणारच. 'तत्' आणि 'लीन' मिळून 'तल्लीन', तसंच 'टेन पाउंड्स'चं 'टेम पाउंड्स' आणि 'डिड यू'चं 'डिजू'. आपले संधी कागदावर तरी दिसतात, इंग्रजीतले फक्त तोंडात.

माझं घोडं पेंड खाल्लं ते 'कॅन्ट'पाशी. अमेरिकन क्लायंटची मॅनेजर कॉलवर म्हणाली, "वी कॅन्ट गो लाइव्ह ऑन फ्रायडे", म्हणजे शुक्रवारी रिलीज करता येणार नाही. मी ऐकलं, "वी कॅन गो." त्यांचा शेवटचा 'ट' फुटतच नाही, घशात अडतो, पुढे 'गो' आलं की कानाला उरतं 'कॅन'. मी मिनिट्समध्येही (कॉलच्या लेखी नोंदींत) तेच लिहून पाठवलं. कुणी वाचलं नाही (मिनिट्स वाचतं कोण?). शुक्रवारी रिलीज गेलं, शनिवार-रविवार ते मागे घेण्यात गेले आणि पुढचे आठ महिने मला कॉलवर बसवलं नाही. अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन इश्यू' लागला तो वेगळाच.

चूक माझीच, पण राग आहे तो आधीच्या पाच दिवसांच्या ट्रेनिंगचा. संस्थेचं नाव घेत नाही. तिथे आमच्याकडून जीभ वळवून वळवून 'वॉटर'चं 'वॉडर' घोटून घेतलं. ऐकायचं कसं, यावर पाच मिनिटंही नाहीत. 'कॅन' आणि 'कॅन्ट' ओळखायचे कसे, असं मी विचारलंसुद्धा होतं. उत्तर मिळालं, "मालिका बघा, सवय होईल." वर सर्टिफिकेट!

सांगायला हवं होतं ते एवढंच: 'ट' शोधू नका, स्वर ऐका. होकार असेल तर 'कॅन' आक्रसून 'क्न' होतो आणि जोर क्रियापदावर जातो: "वी क्न गो." 'कॅ' ठसठशीत ऐकू आला तर बहुधा नकार. बहुधाच हं! ओबामांच्या 2008च्या प्रचारातल्या 'येस वी कॅन'सारखा तो वाक्याच्या शेवटी आला किंवा मुद्दाम ठासून म्हटला, तर होकारातही पूर्ण उच्चारतात. म्हणून शंका आली की सरळ विचारा, "सो दॅट्स अ नो फॉर फ्रायडे?" ब्रिटिशांकडे हा त्रास कमी, ते बहुतेक 'कान्ट' म्हणतात. त्यांची खोड निराळी: 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये नसलेला 'र' घुसवून 'लॉरन् ऑर्डर'.

आकड्यांचंही तसंच. अमेरिकन माणूस 'थर्डी' म्हणाला तर 30. 'ट' स्वच्छ आणि जोर 'टीन'वर असेल तर 13. पैशाचा आकडा मात्र चॅटवर लिहूनच मागा.

मी भाषातज्ज्ञ नाही, पण माझं ठाम मत: हे सगळं ऐकण्यासाठी शिका, बोलताना नक्कल करू नका. आपलं स्वच्छ इंग्रजी त्यांना कळतं. सरावाला 20 सेकंदांची क्लिप घ्या, सबटायटल बंद करून ऐकलेलं लिहून काढा, मग ताडून बघा. अर्ध्या तासाच्या मालिकेपेक्षा मला याचाच उपयोग झाला.

आणि हो, मिनिट्समध्ये मी अजूनही प्रत्येक 'नॉट' ठळक अक्षरांत टाइप करते. टीममधली पोरं हसतात.