ढगाला तोंड नसतं

आईने पर्समधून घडी घातलेली उत्तरपत्रिका काढली आणि माझ्यासमोर उलगडून ठेवली. मराठीचा पेपर, इयत्ता तिसरी. वर दोन ओळी छापलेल्या:

रुसून बसलाय काळा ढग,
वारा म्हणतो, 'ऊठ की मग!'

खाली प्रश्न: 'ढग का रुसला असेल?' त्याखाली वळणदार अक्षरात उत्तर: 'ढगाला तोंड नसतं. तो रुसत नाही.' त्यावर लाल फुली आणि कडेला शेरा, 'कल्पनाशक्ती कमी आहे.'

"गणितात पैकीच्या पैकी मिळतात हो याला," आई म्हणाली. "पण कवितेतलं काही म्हणता काही कळत नाही. चंद्र हसतो म्हटलं की म्हणतो, कसा हसेल? झाड बोलतं म्हटलं की म्हणतो, खोटं आहे." मग मुलाकडे एकदा बघून आवाज खाली आणला. "मी स्वमग्नतेबद्दल, म्हणजे ऑटिझमबद्दल, वाचलंय थोडं. ती मुलं शब्दशः अर्थ घेतात म्हणे. तसं काही नसेल ना?"

ही काळजी घेऊन बरेच पालक येतात, म्हणून आईच्या संमतीने हा अनुभव लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आमचं बोलणं चाललं होतं तेव्हा तो आठ वर्षांचा मुलगा शेजारच्या खुर्चीत चुळबुळत होता. "आई, अजून किती वेळ?" तिसऱ्यांदा विचारलं तशी आई म्हणाली, "डोकं नको रे खाऊस." तो गप्प झाला. मग टेबलावरचा स्टेपलर उचलून त्याने त्याचा जबडा उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि हळूहळू पेन्सिलींकडे सरकवत नेला. मी विचारलं, "काय चाललंय?" "हिला भूक लागलीय." "कुणाला?" "मगरीला."

उत्तरपत्रिकेने जे सांगितलं नव्हतं ते मला इथे कळलं. 'डोकं खाऊ नकोस' ऐकून तो गोंधळला नाही, त्रास देऊ नको हा अर्थ त्याला थेट पोहोचला. आणि स्टेपलरची मगर करणं म्हणजे तर रूपकच. जबड्याचं साम्य त्याला आपलं आपण दिसलं होतं. मुलं तीन-चार वर्षांची असल्यापासून खेळात अशी रूपकं करत असतात. म्हणजे क्षमता होती. कवितेच्या दारात मात्र तो अडत होता, आणि का अडतो हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

इथे मला आपल्या जुन्या काव्यशास्त्राचा फार आधार वाटतो. शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा अर्थ घ्यायचा, म्हणजे लक्षणा. ती केव्हा होते, तर आधी मुख्यार्थबाध व्हावा लागतो, सरळ अर्थ अडावा लागतो. मग त्या अर्थाशी नातं असलेला दुसरा अर्थ सापडावा लागतो, आणि तसं बोलण्यामागे रूढी तरी असावी किंवा काही हेतू तरी. नेहमीचं उदाहरण 'गंगेवर गवळीवाडा' हे आहे. प्रवाहावर वस्ती कशी असेल? मन अडतं, मग काठाकडे वळतं, आणि काठ म्हणण्याऐवजी गंगा म्हटल्यामुळे तिथला गारवा आणि पावित्र्यही सोबत येतं.

'ढगाला तोंड नसतं' हा शुद्ध मुख्यार्थबाध आहे! पहिली पायरी मुलगा चढला होता, तीही प्रामाणिकपणे, आणि नेमक्या तिथेच त्याला फुली मिळाली. बाईंना काय उत्तर हवं आहे हे ओळखून पाठ केलेलं वाक्य उतरवणारी मुलं सुटतात, आणि जे मूल ओळ खरोखर वाचतं ते अडतं. मला तरी हा अडलेला मुलगा कवितेच्या अधिक जवळ वाटला.

वयाचंही बघायला हवं. सॉलोमन ॲश आणि हॅरिएट नर्लोव्ह या संशोधकांनी 1960 साली गोड, थंड, कठीण अशा अर्थाचे इंग्रजी शब्द मुलांसमोर ठेवले होते. लहान मुलांना ते फक्त वस्तूंच्या बाबतीत कळायचे. सात-आठ वर्षांच्या आसपास माणसांच्या बाबतीतही कळू लागायचे, पण दोन्ही अर्थांतलं नातं सांगायला आणखी काही वर्षं लागत. 1976 च्या एका अभ्यासात मुलांना एक वाक्य दिलं होतं: बरीच वर्षं तुरुंगात काम करून पहारेकरी हलवता न येणारा कठीण खडक झाला होता. लहान मुलं अर्थ लावत की कुणीतरी जादू करून त्याचा दगड केला, किंवा तो दगडी भिंतींमध्ये काम करत होता. दहाच्या पुढच्या मुलांना त्याच्या मनाचा कठोरपणा दिसू लागला. आठव्या वर्षी अडखळणं हे या वाटेवरचंच आहे. शिवाय समजणं आणि समजलेलं चार ओळींत लिहिता येणं यांतही अंतर असतं.

पुढच्या भेटीत मी तीच उत्तरपत्रिका त्याच्यापुढे ठेवली. "तुझं बरोबर आहे. ढगाला तोंड नसतं."

त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

"आता ढग बाजूला ठेवू. तू रुसतोस तेव्हा कसा बसतोस? दाखव." त्याने दाखवलं. हनुवटी छातीला, गाल फुगलेले, खांदे आवळलेले. मी हाक मारली, तो हलला नाही. मी म्हटलं, "असाच राहा. आणि आता सांग, पाऊस पडायच्या आधी काळा ढग कसा दिसतो?"

"फुगलेला," तो फुगलेल्या गालांनीच म्हणाला. मग गाल सोडले. "एका जागी बसलेला. काळं तोंड करून..." इथे तो स्वतःच थबकला. तोंड हा शब्द त्याच्याच तोंडून आला होता. आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "आणि मग तो रडतो."

हे त्या दोन ओळींत कुठेच नव्हतं.

पूर्वी मी अशा वेळी अर्थ सांगून मोकळी व्हायचे, 'म्हणजे ढग दाटून आलेत रे'. आता सांगत नाही. सांगितलेला अर्थ मूल लिहून घेतं आणि पुढच्या कवितेशी पुन्हा तिथेच अडतं. मी दोनच प्रश्न विचारते: हे खरंच असं असू शकतं का? मग कुठल्या बाबतीत तसं आहे? रूपक फारच बंद वाटलं तर त्यातला गाळलेला 'सारखा' परत घालून त्याची उपमा करते. 'आजी माझी सावली' याचं 'आजी सावलीसारखी'. त्यावर तो म्हणाला होता, "म्हणजे काळी?" मी म्हटलं, "रंग सोडून बघ. सावली आणखी काय करते?" माझ्या मनात गारवा, आसरा असलं काही होतं. तो म्हणाला, "मागे मागे येते. टोपी घाल, टोपी घाल करत." पाठ्यपुस्तकी उत्तर हे नाही, पण साम्य शोधलेलं आहे आणि ओळीत चपखल बसतं. मी पुढे काही सुधारायला गेले नाही.

वाक्प्रचारांचं मात्र वेगळं असतं. 'डोळ्यांत तेल घालून' चा अर्थ कितीही विचार करून उलगडत नाही, तो वापरात कानावर पडावा लागतो. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असेल तर शाळेच्या भाषेतले वाक्प्रचार उशिरा येणारच.

स्वमग्नतेबद्दल आईला मी स्पष्ट सांगितलं की कवितेत अडणं, एवढ्या एका गोष्टीवरून तो निष्कर्ष काढता येत नाही. स्वमग्न मुलांमध्येही लाक्षणिक अर्थ कितपत कळतो याचा त्यांच्या एकूण भाषेशी, शब्दसंपत्तीशी जवळचा संबंध असतो. पण रोजच्या बोलण्यातले सूचक अर्थ सतत निसटत असतील, कल्पनेचा खेळ फारसा दिसत नसेल, गप्पांत आळीपाळीने बोलणं जमत नसेल, साधी गोष्टही धागा धरून ऐकता येत नसेल, तर थांबू नका. ऐकण्याची तपासणी करून घ्या आणि वाचा-भाषा तज्ज्ञांना किंवा बालविकास तज्ज्ञांना भेटा. या मुलात यातलं काही नव्हतं.

शिक्षिकेला आईने शांतपणे एक चिठ्ठी लिहिली, एवढीच विनंती करणारी की अशा उत्तरापुढे फुलीऐवजी 'मग कवीने असं का म्हटलं असेल?' असं लिहावं.

दोनेक महिन्यांनी आईचा फोन आला. कुठल्याशा कवितेत ताऱ्यांना फुलं म्हटलं होतं. मुलगा म्हणाला, हे जमलं नाही. तारे पहाटे जातात आणि फुलं तर पहाटे उमलतात.

"मी काय सांगू त्याला?" आईने विचारलं.

मी म्हटलं, "काही सांगू नका. त्याला हे वहीत लिहून ठेवायला सांगा."