कारचे टेल लाइट लागतात, पण ब्रेक दाबल्यावर मागचा एकही दिवा लागत नाही. बल्ब बदलू का?

बल्ब नंतर बघा, आधी फ्यूज आणि ब्रेक पेडलचा स्विच तपासा. सगळे बल्ब एकदम जाणं जवळजवळ अशक्य. फ्यूज आणि स्विच मात्र सगळ्यांना मिळून एकच असतो. फ्यूज कुठला ते बॉक्सच्या झाकणावर लिहिलेलं असतं. नवा टाकल्यावर लगेच उडाला तर वायर कुठेतरी शॉर्ट आहे. जास्त अँपिअरचा फ्यूज अजिबात टाकू नका. स्विच पेडलच्या दांड्याला वरच्या बाजूला सापडेल, त्यासाठी टॉर्च घेऊन खाली वाकावं लागतं. त्याचा दोन वायरींचा प्लग काढून प्लगमधली दोन्ही टोकं क्षणभर जोडा. दिवे लागले की स्विच बदला. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी'मधून (पार्क) हलत नसेल, तरीही संशय स्विचवरच.

दिवा एकाच बाजूचा गेला असेल तर मात्र बल्ब किंवा अर्थिंग बघा. २१/५ वॅटच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. ५ वॅटची टेलची चालू राहून २१ वॅटची ब्रेकची तुटू शकते.

स्विचला चार वायरी असतील किंवा दिवे कंट्रोल मॉड्यूलवर (गाडीच्या कॉम्प्युटरवर) चालत असतील, तर वायरी जोडायच्या भानगडीत पडू नका, गॅरेजमध्ये स्कॅनर (बिघाड वाचणारं यंत्र) लावून घ्या.