वाचकांचे प्रश्न : वलंदेजांचे गाव आणि बडोद्याचा डबा

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत गेलो असता मिशिगन राज्यातील हॉलंड या गावी डच स्थलांतरितांचे संग्रहालय पाहिले. हे लोक तिथे कशासाठी गेले? आमच्या घरी पणजीचे नाव घातलेला पितळी डबा आहे. अशा वस्तूंतून बडोद्यातील मराठी कुटुंबांचे संग्रहालय उभे राहील का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या जुन्या कागदपत्रांतील वलंदेज, म्हणजे डच लोक, वेंगुर्ल्याच्या आणि सुरतेच्या वखारींमुळे आपल्याला व्यापारी म्हणून ठाऊक आहेत, हॉलंड गावी गेलेले मात्र बहुतांशी शेतकरी आणि कारागीर होते. नेदरलँड्सच्या अधिकृत चर्चपासून १८३४ मध्ये फुटलेल्या पंथाच्या लोकांना दंड आणि तुरुंगवास सोसावा लागला, त्यात १८४५ पासून बटाट्यावरील रोगाने गरिबांच्या तोंडचा घास हिरावला, तेव्हा धर्मोपदेशक आल्बर्टस फान राल्टे यांच्यासोबत निघालेल्या मंडळींनी १८४७ च्या फेब्रुवारीत, भर हिवाळ्यात, मिशिगनच्या जंगलात बस्तान मांडले. त्या परिसरात ओडावा या मूळ अमेरिकी लोकांची वस्ती आधीपासून होती आणि दोनच वर्षांत ती उत्तरेकडे निघून गेली, ही गोष्ट गौरवाच्या भरात विसरली जाऊ नये. पुढे १८७१ च्या ऑक्टोबरातील आगीत गावाचा मोठा भाग जळाला, म्हणून त्याआधीची साधी घरगुती चीजवस्तूही तिथे मोलाची ठरते. संग्रहालय मांडले आहे तेही जुन्या पोस्टाच्या इमारतीत.

आपले पूर्वज मात्र बडोद्यात छळामुळे आले नाहीत. १७३४ मध्ये शहर गायकवाडांकडे आल्यावर शिलेदार, कारकून, भिक्षुक असे राज्यामागोमाग येत गेले, आणि हा फरक संग्रहालयाने झाकू नये. राजघराण्याचे वैभव पाहायला शहरात जागा आहेत, आणि दिवाणाचा वाडा कसा असे ते तांबेकर वाड्यातील भित्तिचित्रे सांगतात. उणीव आहे ती कारकुनाच्या स्वयंपाकघराची. आपला डबा नेमका तिथला आहे. तो चिंच लावून घासू नये, कारण ठोक्याठोक्याने घातलेली अक्षरे प्रत्येक घासणीबरोबर थोडी थोडी पुसट होतात. कोरड्या मऊ कापडाने पुसावा, नावाचे तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे, आणि पणजी कोणत्या गावाहून, कोणत्या घरात सून म्हणून आल्या, डब्यात काय ठेवीत, हे घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीकडून याच महिन्यात लिहून घ्यावे. इमारतीचा विचार त्यानंतर करता येईल.